रेकॉर्डचा साहेब

"कागद कसा हलवायचा ते मला नगं शिकवूस. आठवडाभराची रजा परवा मंजूर हुतीया!" नाथाजीने बायकोला, साळूबाईला ठणकावून सांगितले. पलूसजवळच्या साखर कारखान्यात तो रेकॉर्डकीपर होता आणि त्याआधी सतरा वर्षे त्याने फौजेत कारकुनी केली होती. एकुलती एक लेक विजयमाला वीस दिवसांनी मलकापुरात बोहल्यावर चढणार होती. बाप म्हणून नाथाजीने तिथे हजर असावे, एवढीच साळूबाईची माफक अपेक्षा होती.

रजेवर खातेप्रमुखाची सही लागते आणि घोडे तिथेच पेंड खात होते. रेकॉर्ड कुठल्या खात्यात मोडते, हे १९७४ च्या त्या फेब्रुवारीत कारखान्यात कुणालाच ठाऊक नव्हते! आजवर ते ऑफिस सुपरिंटेंडेंटकडे असे. ते निवृत्त झाले, त्यांची जागा रद्द झाली आणि रेकॉर्ड पोरके झाले.

मॅनेजरनी ते स्टोअरला जोडले. स्टोअरकीपर जिनपाल शिस्तीचा माणूस, वजन केल्याशिवाय खिळाही आत घेत नसे. रेकॉर्ड काट्यावर चढले आणि एकतीस क्विंटल भरले.

"आन माझी रजा?" नाथाजीने विचारले.

"तुमी मालाच्या यादीत न्हाई, नाथाजीराव. सही कशावर करू?"

चौथ्या दिवशी जिनपालने सभासदांचे मूळ रजिस्टर भंगारात काढले. "बारा वर्सं कुणी मागितलं न्हाई," तो शांतपणे म्हणाला. त्या रजिस्टरात खुद्द चेअरमनचे नाव होते. मॅनेजर धावत आले.

निम्मे कागद उसाचेच, म्हणून रेकॉर्ड शेती खात्याकडे गेले. शेती अधिकारी भाऊसोंना जन्मात एकच कायदा ठाऊक होता. ज्या उसाची लागण आधी, त्याची तोड आधी! मॅनेजरनी मागच्या आठवड्यातली फाईल मागितली.

"तिची पाळी लय लांब हाय, साहेब. एकसष्ट सालच्या फायली अजून उभ्या हायत. मधलीच तोडली तर शेतकरी बोंबलतील!"

"अहो, फायलींना कसला शेतकरी?"

"वशिला त्यो वशिलाच, साहेब!"

नाथाजीच्या अर्जावर भाऊसोंनी शेरा मारला, 'गाळप संपल्यावर यावे.'

शेवटी संचालक मंडळ बसले. तीन तास चर्चा झाली, दोनदा चहा झाला आणि ठराव झाला. रेकॉर्ड हे स्वतंत्र खाते राहील आणि नाथाजी त्याचा प्रमुख! नाथाजीला भरून आले. त्याने खुर्ची पुसली, टोपी सरळ केली आणि तो बसला. टेबलावर पहिलाच कागद त्याच्या स्वतःच्या रजेचा होता.

रजेचा अर्ज पंधरा दिवस आधी आला पाहिजे, असा नियम होता. या खात्यात अर्ज आजच दाखल झाला होता आणि लग्न सहा दिवसांवर आले होते. नाथाजीने बराच वेळ विचार केला. पहिल्याच दिवशी नियम मोडला तर खात्याला कोण विचारणार? जड मनाने त्याने लिहिले, 'नामंजूर.'

"सायबानं रजा न्हाई दिली," तो घरी म्हणाला.

"मुडदा बशिवला त्याचा! त्याला लेकीबाळी हायत का न्हाईत?"

"एक हाय," नाथाजी पुटपुटला.

हळदीच्या दिवशी साळूबाई पिवळ्या हातांनीच कारखान्यात येऊन थडकली. "कुठं हाय त्यो तुमचा सायब? आणा त्याला म्होरं!"

नाथाजी खुर्चीतून ताडकन उठला आणि रिकाम्या खुर्चीकडे बघत म्हणाला, "सायब... रजेवर गेल्यात."

"मग इचारणारं कोण हाय आता? चला!"

लग्नात नाथाजी लेकीपेक्षा जास्त रडला. परत आल्यावर त्याने विनापरवाना गैरहजर राहिल्याबद्दल स्वतःकडून लेखी खुलासा मागवला. तीन पानी खुलासा वेळेत आला. तो त्याने दोनदा वाचला आणि खाली शेरा मारला, 'समाधानकारक नाही.' मारला मात्र पेन्सिलीने.