कचरा प्रक्रिया यंत्र, नग एक

लोकोपयोगी योजनेतून कुणाचा तरी लाभ व्हायलाच हवा, आणि तो कुणाचा हे आधी ठरलेले असले की कामाला वेग येतो. आमच्या अनोरझोर मोहल्ल्याच्या कचरा-खत योजनेत तो माझा ठरला होता. मी मोहल्ला समितीचा चिटणीस. कचेरीत हातांची खुर्ची एकच, तिच्यावर अध्यक्ष ममासोली आका बसतात, मी तिपाईवर. खतखड्डा यशस्वी करणाऱ्या पहिल्या मोहल्ल्याच्या चिटणिसाला नगरपालिकेत घेऊ, असे शहराच्या हाकिमसाहेबांचे परिपत्रक आले. नगरपालिकेत शिपायालाही हातांची खुर्ची असते. (मी जाऊन पाहून आलो होतो. दोनदा.)

योजना थोर होती. खरबुजाच्या साली, कांद्याची टरफले, चहाचा चोथा हे सारे गावाबाहेरच्या डेपोत कुजण्याऐवजी मोहल्ल्यातच सन्मानाने कुजावे आणि त्याचे खत व्हावे. तिच्यात उणीव एकच होती: आमच्याकडे ओला कचरा नव्हता. साल मेंढी खाते, हाड कुत्रा नेतो, जर्दाळूची बी आपणच फोडून खातो. शिळा नान कचऱ्यात टाकायचे तर कुणाच्या मनातही येत नाही; तो पिशवीत घालून कुंपणाला अडकवायचा, ज्याच्याकडे गाय तो नेतो. डेपोत आमची जात होती ती फक्त राख (आणि एकदा ममासोली आकांचा टीव्ही).

हे सर्वेक्षणात उघडकीला यायला हवे होते. सर्वेक्षण मी केले. घरोघर हिंडण्याचे कष्ट वाचावेत म्हणून चहाखान्यात बसून, सगळ्यांसमक्ष, नावे पुकारून केले.

"अब्दुवोसित आका, तुमच्याकडे रोज खरबुजं किती लागतात?"

"तीन लिही. पाहुण्यारावळ्यांचं घर आहे आमचं."

"मग माझी पाच लिही," तोशतेमिर न्हावी म्हणाला. घरात तो आणि त्याची बायको.

"पाच? सात वर्षांत तुझ्या दारात पाहुण्याचा जोडा दिसला नाही मला!"

"तुम्हाला कुणी बोलावलं होतं बघायला?"

साली कमी म्हणजे पाहुण्यांपुढे अंथरायचा दस्तरखान रिकामा, आणि हे भर चहाखान्यात कोण कबूल करणार? शेवटच्या घरापर्यंत आकडा रोजी अकरा खरबुजांवर पोचला. (शेवटचे घर माझे.) एकशे तेरा घरांची बेरीज पाहून नगरपालिकेने खणलेल्या खड्ड्यात दोन ट्रक शेजारी शेजारी उभे राहिले असते. साली गोळा करायचे काम माझ्याकडे आले.

गल्लीच्या टोकाला ओयिमखोन मावशी राहते. बायका चहाखान्यात येत नसल्यामुळे सर्वेक्षणात तिच्यापुढे मी 'निरंक' लिहिले होते. साऱ्या तक्त्यात खरी नोंद तेवढीच. मुलगा परदेशी बांधकामावर, आणि नातवाच्या सुंतेच्या मेजवानीसाठी मावशी मेंढा पोसत होती, तो गल्लीतल्या साली वेचून. आता तिच्याआधी माझी ढकलगाडी फिरू लागली.

"निझोम, अरे त्या साली माझ्या मेंढ्याच्या आहेत."

"मावशी, आता त्या शासनाच्या."

"शासन काय करणार त्यांचं?"

"कुजवणार."

"म्हणजे स्वतः खाणारही नाही!"

मेंढ्याच्या बरगड्या दिसू लागल्या. (एका बाजूला तेरा. अहवालात घेतल्या नाहीत.)

मेजवानी आठ दिवसांवर आली तरी खड्ड्याचा तळ जेमतेम झाकला होता. तपासणीच्या दिवशी पहाटे मावशीने मेंढा खड्ड्यात सोडला. उपहाकिमसाहेब आले तेव्हा आत साल एकही नव्हती. मेंढा होता आणि लेंड्या होत्या. मी आकांच्या मागे सरकलो. ममासोली आका मात्र खाकरून म्हणाले, "साहेब, खत तयार आहे."

साहेबांनी वाकून पाहिले. "पुस्तकात तर तीन महिने दिलेत."

"इथं तीन तास लागतात."

"यंत्र कुठलं?"

आकांनी मेंढ्याकडे बोट दाखवले.

साहेब गहिवरले. ना वीज, ना दुर्गंधी, ना परदेशी तज्ज्ञ. मेंढा जागच्या जागी ताब्यात घेण्यात आला आणि त्याच्या कानाला पत्र्याचा बिल्ला लागला: 'कचरा प्रक्रिया यंत्र, नग एक'.

"अहो साहेब, पुढच्या शुक्रवारी कापायचाय तो!" मावशी म्हणाली.

"सरकारी यंत्र कापता येत नाही, आई. आठ वर्षांनी निकाली काढतो. तेव्हा अर्ज करा."

"आठ वर्षांनी नातवाला मिसरूड फुटेल रे!"

"अर्जात तसं नमूद करा," मी म्हणालो. (माझी नेमणूक त्याच दुपारी झाली.)

आता मेंढ्याला सगळ्या गल्लीच्या साली रीतसर मिळतात आणि तो दृष्ट लागेल असा झाला आहे. शुक्रवारी मावशीने पुलाव केला तो चण्यांचा आणि बेदाण्यांचा. पाहुण्यांनी ताटात खोलवर हात घालून शोध घेतला, मग आशीर्वाद देऊन लवकर उठले. मावशी दारात उभी राहून प्रत्येकाला "पुन्हा या" म्हणत होती, आणि कुणाच्या तोंडाकडे पाहत नव्हती. मला फार वाईट वाटले. माझ्या अंगणात दोन मेंढ्या आहेत. पण त्या कुठल्याच सरकारी नोंदीत दाखवलेल्या नाहीत, त्यामुळे देता येईनात.

योजनेचा अंतिम तक्ता असा. खत: एक घमेले. मेंढा दिला: ओयिमखोन मावशीने. बदली मेंढा आणून दिलेली घरे: शून्य. मावशीबद्दल मनापासून हळहळलेली घरे: उरलेली सर्व, एकशे बारा. वाचकहो, तुम्हालाही आत्ता हळहळ वाटली असेल तर तसे कळवा. एकशे तेरा करून घेतो.