खंडेरावाची न गळणारी शिंगं

एका जंगलात, ज्याचा सातबारा अजून कुणाच्या नावावर चढला नव्हता अशा जंगलात, सांबरांचा एक कळप राहायचा. त्यांचा पुढारी खंडेराव.

कळपाचा कायदा सुटसुटीत होता. ज्याच्या डोक्यावर शिंगं, तो टेकाडावर बसणार. शिंगं गळाली की मुकाट्यानं खाली उतरायचं.

आता पोरांनो, सांबराची शिंगं गळतात आणि पुन्हा येतात. तुमच्या दुधाच्या दातांसारखं. फक्त तुमचं एकदाच होतं, सांबराचं मरेपर्यंत चालतं.

मागल्या साली खंडेराव टेकाडावरून भाषण करत होता. "जोवर ही शिंगं माझ्या डोक्यावर आहेत," एवढं म्हणाला आणि टक्! डावं शिंग खाली. बिचाऱ्यानं मान तिरकी करून भाषण पुरं केलं. पण संध्याकाळी उजवंही गेलं, आणि टेकाडावर बाजीबा चढला. बाजीबा वयानं लहान, आवाजानं मोठा. खंडेराव करवंदीच्या जाळीत तोंड लपवून बसला.

पुढं बाजीबाची शिंगं गळाली, खंडेरावाची नवी फुटली. टेकाड परत मिळालं. पण झोप उडाली ती उडालीच.

"हौसा, पुन्हा गळाली तर?"

"गळतील. आणि पुन्हा येतील," बायको हौसाबाई रवंथ करत म्हणाली. "दर खेपेला तुमच्या फासळ्या दिसायला लागल्या की मी ओळखते. अंगातला सगळा चुना निघाला डोक्याकडं!"

बायकोचं ऐकलं असतं तर गोष्ट इथंच संपली असती. म्हणून त्यानं ऐकलं नाही.

तो गेला गुणाजी साळिंदराकडं. गुणाजी जंगलाचा वैद्य. गळालेली शिंगं चघळून चघळून हाडांचा जाणकार झालेला.

"शिंग म्हणजे हाडच, खंडेराव," गुणाजी म्हणाला. "हाडात दोन टोळ्या असतात. एक बांधणारी, एक पोखरणारी. आणि रक्तात फिरतो एक रस. शहाणे त्याला हार्मोन म्हणतात. रस चढला की शिंग पक्कं होतं, वरची मखमल, म्हणजे नव्या शिंगावरची मऊ केसाळ कातडी, वाळून उतरते, आणि तुम्ही दिसेल त्या झाडाला टक्कर देत सुटता. रस उतरला की पोखरणारी टोळी शिंगाच्या बुडाशी बसते. मग टक्."

"तर मग तो रस उतरूच देऊ नकोस."

"ते माझ्या हातात नाही. चढूच द्यायचा नाही, एवढं जमेल. आत्ता शिंगांवर मखमल आहे. आत्ताच रसाची विहीर काढून टाकली, तर ही शिंगं जन्मात गळायची नाहीत. पण पक्कीही व्हायची नाहीत."

"कुठाय विहीर?"

गुणाजीनं दाखवली. कुठं ते मास्तरांना विचारा. मास्तर लाल झाले, की समजा त्यांना ठाऊक आहे.

खंडेरावानं पटकन शेपूट दाबलं.

"नका करू," गुणाजी म्हणाला. "गळू द्या आपली. मलाही चघळायला मिळतं."

"अस्सं! तुझ्या पोटासाठी मी टेकाड सोडू होय?" खंडेराव तिथंच आडवा झाला. "कर सुरू!"

गुणाजीचे दात धारदार होते. बाकीचं विचारू नका.

शिंगं राहिली. मऊ, लुसलुशीत, मखमली. माशी बसली तरी झोंबायची. काटा लागला की रक्त यायचं. पण गळाली मात्र नाहीत.

मग माजाचा हंगाम आला. बाजीबा नवी टणक शिंगं घेऊन टेकाडाखाली उभा राहिला. सगळा कळप गोळा झाला.

"उतर खाली! होऊ देत दोन हात!"

खंडेरावानं रागवायचा प्रयत्न केला. राग येईना. आतून काही उसळेचना. एक टक्कर बसली तर मखमलीचा चेंदा होईल, एवढं मात्र कळत होतं.

"ये बाळा," तो म्हणाला. "दमला असशील. पाणी पी."

बाजीबा गांगरला. भांडायला समोर कुणीतरी भांडणारं लागतं. कळप तर विरघळलाच.

"काय संयम!"

"काय दृष्टी! एवढा हंगाम भरात, पण कुणाच्या बायकोकडं मान वळवली नाही!"

"स्वतःच्यासुद्धा नाही," हौसाबाई म्हणाली. पण तेवढ्यात जयजयकार सुरू झाला होता.

हंगाम सरला. बाजीबाची शिंगं गळाली. खंडेरावाची डोक्यावर तशीच. आता टेकाडावर बसायला शिंगं पुरेनात, मखमल लागते असं ठरलं. नवी मखमली शिंगं फुटताच बाजीबा गुपचूप गुणाजीकडं जाऊन आला. त्याच्यामागं बाकीचे नर रांगेत. बिचारा गुणाजी! धंदा जोरात आणि चघळायला शिंग नाही.

कळपात आता भांडण नव्हतं, तंटा नव्हता. हळूहळू पाडसंही नव्हती.

एका सकाळी हौसाबाई मैत्रिणींना घेऊन डोंगरापलीकडच्या कळपाकडं निघाली.

"अगं, तिकडचा पुढारी तर सध्या बोडका आहे!" खंडेराव टेकाडावरून ओरडला.

"असू दे," ती मागं न बघता म्हणाली. "त्याची पुन्हा येतात."

तात्पर्य: मुलांनो, जागा कायमची हवी असेल तर जे गेल्यावर जागेचा उपयोग उरत नाही, तेच आधी काढून द्यावं. लोक त्याला त्याग म्हणतात.