शेवंता इंग्लंडच्या बाजारात बसली

गोरी बाई हातवारे करत धावत आली तेव्हा शेवंता त्या बाईच्याच भाजीच्या ठेल्यामागे, तिच्याच स्टुलावर बसून, तिच्याच गिऱ्हाइकाच्या पिशवीत कोबी घालत होती. वर दोन गाजरं फुकट.

शेवंता माझी धाकटी जाऊ. तुळिंजच्या बाजारात तीस वर्षं भाजी घेऊन बसते. शेजारीण जरा उठली की तिचा माल आपण सांभाळायचा, ही तिथली रीत. शेवंताने ती देवधर्मासारखी धरली आहे. लग्नात वाढपी दिसला नाही तर पंगतीत हीच वाढायला लागते. "माल उघडा टाकू नये," म्हणते.

तिची मुलगी नंदा इंग्लंडात एका जुन्या गावात राहते. तिने आम्हा दोघींना महिनाभर नेलं, ते शेवंताला भाजीची पाटी सोडायला लावण्यासाठी. गुडघे गेलेत, तरी ही ऐकत नाही. तिथे चर्चपुढच्या दगडी चौकात शेकडो वर्षं दर गुरुवारी बाजार भरतो, असं नंदाने कौतुकाने सांगितलं. शेवंता म्हणाली, "एवढी वर्षं झाली, आनि अजून पत्रे नाय घातले?"

तर ती बाई इंग्रजीत ओरडत होती आणि शेवंता मराठीत. "माल उघडा टाकून कुठं गेलीस गो? कोनी नेला असता म्हंजे?"

बाई संडासला गेली होती.

नंदा मध्ये पडली. "आई, ऊठ. म्हणूनच सांगते, हे बसणं सोड. आज मला शब्द दे."

शेवंता उठेना. नंदाने बाईला तुळिंजची रीत समजावली. बाईने ठेल्यापुढे लागलेली रांग पाहिली, गाजरं पाहिली आणि हसत सुटली. मग काहीतरी विचारलं.

"काय म्हनते?"

"पुढच्या गुरुवारी येशील का, विचारते."

शेवंता पदराने नाक पुसू लागली. "तुळिंजला निघताना रोज विचारतात, उद्या येतेस ना? पाटी सोडली तर मना कोन विचारनार? घरी कोन विचारतं?"

शब्द नंदाने पुन्हा कधी मागितला नाही. शेवंता अजून बसते, गुडघ्याला पट्टा बांधून.

मी तेव्हा बाजूलाच उभी होते. दीर गेल्यापासून उमेळे गावातल्या घरात शेवंताबरोबर राहणारी बाई मीच.