फिल्मवरची रेघ

अमळनेरच्या मधुआबांच्या फोटो स्टुडिओत शिरलं की ते आधी म्हणायचे, "हात दाखवा." भविष्य बघायला नव्हे, नखं बघायला. नखं वाढलेली दिसली की गिऱ्हाइकाला निगेटिव्ह लांबूनच दाखवायचे. शेजारीच माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान, त्यामुळे हा तपास मी रोज बघायचो.

संशयाला कारण होतं. आबांच्या फिल्मवर ओरखडा उमटायचा. फैजपूरच्या एका लग्नाच्या तर सगळ्या फोटोंत पांढरी रेघ आली, कुठे नवरीच्या गालावरून, कुठे भटजींच्या टकलावरून. फिल्म धुण्याचं काम धाकटा भाऊ बापू करायचा. तुझं मनगटी घड्याळ घासतंय, असं आबांनी त्याला सुनावलं. बापूने घड्याळ काढून ठेवलं. रेघ तशीच.

"मग तू मुद्दाम करस," आबा म्हणाले.

आठवड्याभरात बापू बायकोला घेऊन धुळ्याला गेला आणि एका छापखान्यात लागला.

आबा स्वतः फिल्म धुऊ लागले. रेघ होतीच. मग नळाच्या पाण्यावर संशय आला, जिनिंग मिलमधून उडणाऱ्या कापसावर आला आणि शेवटी माझ्यावर.

"तुमच्या घड्याळांचा कीस इकडे येतो."

"विटांच्या भिंतीतून?"

"बारीक असतो तो. सांगता येत नाही."

'सांगता येत नाही' हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. स्टुडिओतल्या पडद्यावर रंगवलेल्या मोराकडेही ते संशयानेच बघायचे.

एकदा मी त्या फैजपूरच्या लग्नाची निगेटिव्ह उजेडात धरली. "आबा, या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ अगदी सरळ आहे. हाताने अशी येईल? फिल्म सरकताना काहीतरी घासतंय."

त्यांनी नाइलाजाने कॅमेरा आणला. मी डोळ्याला भिंग लावलं. फिल्म दाबून धरणाऱ्या पट्टीवर वाळूचा एक कण रुतून बसला होता.

"याला कोण कोण हात लावतं?" मी विचारलं.

"कुणालाच लावू देत नाही मी," आबा ताठ्यात म्हणाले, आणि तिथेच थांबले. त्या दिवशी त्यांनी दुकान लवकर बंद केलं.

रविवारी मला म्हणाले, "धुळ्याला येता का? एकट्याला जायला नको वाटतं."

बापूने दार उघडलं. "काय व्हयनं, भाऊ? घरी बठ्ठं बरं शे ना?"

"बरं शे."

जेवणं झाली. आबा छापखान्याबद्दल बोलले, एसटीच्या गर्दीबद्दल बोलले. कणाचं नाव नाही. मीच सगळं सांगून टाकलं. बापू पानातली उरलेली शेव वेचत राहिला.

निघताना आबांनी पिशवीतून तीन रोल काढून त्याच्यासमोर ठेवले. "लग्नाना रोल शेत. माले तुनासारखं धुता येत नही."

"आठे कोठे धुऊ?" बापू म्हणाला. "अंधारी खोली नही."

"माहीत शे," आबा चपलांकडे बघत म्हणाले. "अमळनेरले शे."