कालव्यावरचा पोपटी सर्फर

पालमच्या हरिओमला सर्फिंगचे फोटो काढायचे होते आणि समुद्र परभणी जिल्ह्यात येण्याची काही चिन्हे नव्हती. एवढी एक अडचण सोडली तर बाकी तयारी पक्की होती. कुण्या परदेशी माणसाचे व्हिडिओ पाहून त्याने स्लो शटर तोंडपाठ केले होते. शटर जरा जास्त वेळ उघडे ठेवायचे आणि लाटेवरून घसरणाऱ्या माणसाबरोबर कॅमेराही फिरवत न्यायचा. मग माणूस ठळक दिसतो आणि पाण्याचे नुसते फराटे होतात. पासपोर्ट फोटो आणि बारशांवर स्टुडिओ चालवणाऱ्या माणसाला असे ज्ञान झाले, की घरच्यांनी सावध व्हायला हवे.

पण खरे दुखणे कलेचे नव्हतेच, सासऱ्याचे होते. चुडाव्याच्या रंगनाथरावांना दोन जावई. थोरला परमेश्वर परभणीच्या एका सरकारी कचेरीत कारकून आणि धाकटा हा हरिओम. धोंड्याच्या महिन्यात दोघांना जेवायला बोलावले, भेदभाव नको म्हणून एकाच ताग्यातले पोपटी कापड शर्टाला दिले. समानता तिथेच संपली. परमेश्वरला ओवाळायची वेळ आली तेव्हा सासरे म्हणाले, "हरिओमराव, तुमी उठा अन् फोटो काढा." हरिओम अर्ध्या पुरणपोळीवरून उठला. सासरच्या एकाही फोटोत तो नव्हता, कारण सगळे त्यानेच काढलेले होते. आपणही या घरचे जावई आहोत हे म्हाताऱ्याला एकदा तरी दिसावे, एवढीच त्याची इच्छा होती.

अशात मोबाइलवर एक स्पर्धा निघाली. विषय होता 'लाटेवरचा माणूस'.

"बक्षीस आलं ना निकिता, पेपरात नाव यिईल. मंग तुझे आबा..."

"आबा पेपरात निस्ता सोयाबीनचा भाव बघतेत," त्याची बायको निकिता भाकरी थापता थापता म्हणाली. "अन् समुद्र कुठून आणायलाव?"

"कॅनलला पाणी सोडलंय," हरिओम म्हणाला. निकिताने भाकरी तव्यावर टाकली आणि विषय सोडून दिला.

मुंजाजी त्याचा शाळेपासूनचा मित्र. म्हशीच्या पाठीवर उभे राहून डोह ओलांडलेला माणूस, आणि त्याचे शेत कालव्याला लागून. योजना अशी ठरली, की काठच्या रस्त्यावरून मुंजाजीचा भाऊ बालाजी ट्रॅक्टर हाकणार, ट्रॅक्टरला दोर, दोराच्या टोकाला मुंजाजी आणि मुंजाजीच्या पायाखाली गोठ्याचे डांबर फासलेले कवाड. हरिओमला पोहता येत नसल्यामुळे कलावंत काठावर राहणार हे न बोलताच ठरले.

"उघडा नगं जाऊ," हरिओमने पिशवीतून शर्ट काढला. "फराटा उठायला रंग लागतो."

"ह्यो तर सासऱ्यानं दिल्याला दिसायलाय."

"दुसरा काय उपयोग हाय त्याचा? घाल."

पहिल्या खेपेला कवाड पुढे गेले आणि मुंजाजी मागे राहिला. दुसऱ्या खेपेला मुंजाजी पुढे गेला. "हळू घे रे बालाजी!" हरिओम पलीकडच्या काठावरून ओरडला. "हळू घेतलं की बुडतो मी!" मुंजाजी पाण्यातून ओरडला. बालाजीला ट्रॅक्टरच्या आवाजात दोघांचेही ऐकू येत नव्हते, म्हणून तिसऱ्या खेपेला जमले. मुंजाजी मागे रेलून, दोर ताणून कवाडावर ताठ उभा राहिला, पाणी दोन्हीकडून उसळले आणि हरिओमने शटर दाबले. ते उघडे मात्र त्याने आनंदाच्या भरात जरा जास्तच वेळ ठेवले.

फोटोत मुंजाजीचे तोंड थुंकी लावून पुसलेल्या पाटीसारखे झाले होते. ट्रॅक्टर चौकटीबाहेर राहिला होता. कवाडाचा एक लांबट काळा गोळा झाला होता. त्या सगळ्या कालवाकालवीत फक्त शर्ट तेवढा पोपटी दिसत होता.

"मी कुठंय ह्याच्यात?" मुंजाजीने विचारले.

"हे काय, पोपटी."

"म्हंजे शर्ट बी मपला न्हाई अन् थोबाड बी मपलं न्हाई. मंग मी कामून बुडालो दिवसभर?"

कलेची जाण सगळ्यांना नसते, म्हणून हरिओमने ते मनावर घेतले नाही. त्याने फोटो स्पर्धेला पाठवला आणि स्टेटसलाही ठेवला. स्टेटसवरून तो गावच्या ग्रुपवर गेला आणि तिथल्या जाणकारांनी त्याचा अर्थ लावला. काळा गोळा ही म्हशीची वगार, दोर धरलेला माणूस तिचा तारणहार. दुसऱ्या दिवशी एका स्थानिक पेपरात तो छापूनच आला. 'वाहून जाणाऱ्या वगारीची थरारक सुटका!' खाली लिहिले होते, 'छायाचित्र : हरिओम, पालम'. पेपरात नाव आले. छापून आलेला फोटो चालत नाही म्हणून स्पर्धेतून मात्र गेले.

हरिओम मुंजाजीकडे धावला. "खरं काय ते सांगून टाकू."

"खबरदार! कॅनलात ट्रॅक्टरचा खेळ केला म्हणून कळलं तर पाटकरी मपलं पाणी तोडील. ऊस वाळंल. वगार वाचली ना? मंग तू बी गप ऱ्हा."

तेवढ्यात सासऱ्याचा फोन आला. "हरिओमराव, कापड वळखलं मी! त्या ताग्यातले दोनच शर्ट शिवल्यात. फोटो तर तुमी काढायलाव, मंग पाण्यात कोण? आपले परमेश्वरराव!"

"मामा, तसं न्हाई हो..."

"हरिओमराव, माणसानं येवढं जळू न्हाई," म्हणून म्हाताऱ्याने फोन ठेवला.

परमेश्वर आधी म्हणाला, "तो मी न्हाई." सासऱ्याला तो विनय वाटला. दुसऱ्यांदा विचारले तेव्हा तो नुसता हसला. तिसऱ्यांदा विचारले तोवर वगारीच्या डोळ्यांत कसे पाणी होते, हेही त्याला आठवू लागले होते.

चुडाव्यात मारुतीच्या पारावर सत्काराचा थाट झाला. सासऱ्याने स्वतःच्या हाताने थोरल्या जावयाला फेटा बांधला. हरिओम अर्थातच कॅमेरा घेऊन खाली उभा होता. "हरिओमराव, जरा सरका, लोकांला दिसंना," सासरे दोनदा म्हणाले. परमेश्वरने माइक धरला. "उडी मारताना मी माघारी बघितलं न्हाई..." इथपर्यंत भाषण आले, आणि गावातली धुरपताबाई ऊर बडवत पारापाशी आली.

"आरं धावा रे! माझी वगार कॅनलात गेली!"

सगळा गाव आनंदाने परमेश्वरकडे वळला. इतका वेळेवर योग कुणाच्या सत्काराला आला नसेल.

परमेश्वर पारावरून वाकला. "साडूभाऊ, मला पवता येत न्हाई हो. सांगा की खरं."

"मी कसं सांगू? मामा म्हणतेत, मी जळतो." बऱ्याच वर्षांत हरिओमला इतके बरे वाटले नव्हते.

पण परमेश्वर कचेरीत मुरलेला माणूस होता. आपल्या टेबलावरचे लचांड दुसऱ्याच्या टेबलावर कसे सरकवायचे, हे त्याला कुणी शिकवायला नको होते. त्याने माइक पुन्हा तोंडाशी धरला. "मंडळी, आता लपवत न्हाई. फोटोतला माणूस मी न्हाई! शर्ट दोनच. माझा हा अंगावर हाय, त्याला अजून पाणी बी लागलं न्हाई. मंग दुसरा कुणाचा? कॅमेरा काय, आजकाल आपोआप चालतो. सवताचा मान मला दिऊन हा माणूस खाली उभा ऱ्हायलाय!"

रंगनाथराव पारावरून खाली उतरले. "हरिओमराव, तुमचा शर्ट कुठंय?"

"मामा, तो... कॅनलाच्या गाळानं भरलाय. डाग जाईनात," हरिओमच्या तोंडून खरे निघून गेले.

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. "तुमी? अन् मी आजवर तुमाला..." त्यांनी परमेश्वरच्या डोक्यावरचा फेटा काढून हरिओमच्या डोक्यावर ठेवला. त्याच्या गळ्यातला कॅमेरा काढून परमेश्वरच्या हातात दिला. परमेश्वरने तो इतक्या आनंदाने घेतला की उलटाच धरला.

'मला पोहता येत नाही' एवढे एकच वाक्य आता बोलायचे होते. हरिओमने त्यासाठी तोंडही उघडले.

"चला, जावईबापू," रंगनाथराव म्हणाले आणि त्यांनी त्याच्या खांद्यावर हात टाकला. या घरात त्याला अशी हाक आजवर कुणी मारली नव्हती.

धुरपताबाई पुढे पळत होती, मागे अख्खा गाव होता आणि कालवा काही फार लांब नव्हता. खांद्यावरचा हात तसाच होता. तो हात हरिओमला इतका सुखाचा वाटला, की ते वाक्य पुढच्या वळणावर सांगू म्हणत तो चालत राहिला.