जिथं काका, तिथं पाइप
भिंतीवर जिप्समचे बोर्ड ठोकून ती बंद करण्याआधी आतलं सगळं काम आपण डोळ्यांखालून घालणार, असं काकांनी मिस्त्रीला बजावून ठेवलं होतं. तसं त्यांनी घातलंही. पाइप ठोकून पाहिले, वायरी ओढून पाहिल्या आणि पुरावा हवा म्हणून मोबाइलवर फोटो काढले. मग भिंत बंद झाली, रंग लागला.

महिन्याभरानं काकूंनी पलंगाखालून आरसा काढला. त्यांच्या आईचा, चांगला जडशीळ. दोन घरं बदलली तरी त्याला भिंत मिळाली नव्हती.

"आज काही झालं तरी लागला पाहिजे," काकू म्हणाल्या.

मिस्त्री ड्रिल घेऊन आला. "काका, आत पाण्याचा पाइप आहे. पण त्यानंतर मी दहा घरं केली, मला काय आठवणार? फोटो दाखवा."

काकांनी ऐटीत मोबाइल पुढे केला. फोटोत काका होते. छाती पुढे, पोट त्याच्याही पुढे. पाइपाचं टोक तेवढं डोक्यावर शेंडीसारखं उभं होतं.

"अहो, पाइपाचा फोटो काढलात की पाइपाला आडवे आलात?" काकूंनी विचारलं.

"तपासणी कोणी केली, ते कळायला नको?"

"असू दे काकू," मिस्त्री म्हणाला. "जिथं काका, तिथं पाइप. काका, फोटोतल्यासारखे उभे राहा बघू."

फोटोत दिसत होते तसे काका भिंतीच्या डाव्या टोकाला उभे राहिले, छातीसकट. मिस्त्रीनं उजवीकडे ड्रिल लावलं. घर्रर्र झालं आणि भिंतीनं त्याच्या तोंडावर भली मोठी चूळ टाकली.

"अहो, पाणी बंद करा! धावा!" काकू ओरडल्या.

"मी हललो तर खूण जाईल!" काका जागचे ढळले नाहीत.

शेवटी काकूच धावल्या. पाणी थांबल्यावर त्यांनी फोटो न्याहाळला. "तुमच्या शर्टाचा खिसा उजवीकडे कधीपासून आला?"

मिस्त्रीनं तोंड पुसलं. "काका, हात लांबवून स्वतःच काढलात ना? तुमच्या मोबाइलवर तसा फोटो उलटा येतो. आरशासारखा."

दुसऱ्या दिवशी भिंत उघडली, पाइप जोडला. बंद करण्याआधीची तपासणी या वेळी काकूंनी केली. पाइपाशेजारी मोजायची टेप धरून त्या फोटो काढू लागल्या, तसे काका हळूच फोटोत सरकले.

"बाजूला व्हा."

संध्याकाळी आरसा लागला. काकूंनी काच पुसली, घटकाभर तिच्याकडे पाहिलं आणि काकांना दंडाला धरून समोर उभं केलं.

"घ्या. आता इथं स्वतःला हवं तेवढं बघा. भिंतीचं मी बघते."

काका बघत राहिले. आरशातल्या काकांचाही खिसा उजवीकडेच होता.