सरहद्दीचे मुन्शी नाना

भांडायला आलेल्या माणसाला तीन कप चहा पाजल्याशिवाय नाना तोंड उघडू देत नसत. शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं गाव. मी तिथे मास्तर, नाना माझे शेजारी. इंग्रजांच्या काळात ते ब्रह्मदेशात, चीनच्या सरहद्दीवर मुन्शी, म्हणजे साहेबाचे दुभाषे कारकून होते. तिथे गोरा साहेब आणि चिनी अंमलदार हद्दीवरच टेबल मांडून बसत आणि दोन्हीकडच्या चोऱ्या, खून, पळवापळवी बोलून मिटवत. टेबलाचे दोन पाय इकडे, दोन तिकडे. गावात कुणी बांध कोरला तरी नाना म्हणत, "पद्धत म्हणजे पद्धत," आणि टेबल बांधावर न्यायला लावत. वाहणारा मीच. वैताग नुसता!

स्वातंत्र्यानंतरच्या एका उन्हाळ्यात मात्र डोंगरापलीकडून, मध्यभारतातून, पंधरावीस माणसं उतरली. हातात कुऱ्हाडी, एकाकडे बंदूक. त्यांचे बैल चोरीला गेले होते आणि संशय आमच्या रामल्या लाकूडतोड्यावर. त्याला मी शाळेत दडवून बाहेरून कुलूप घातलं. फौजदार शिरपूरला, गावानं दारं लावून घेतलेली. किल्ली मुठीत धरून मी नानांकडे धावलो.

नानांनी शिवेवर टेबल मांडलं, चहा मागवला. तिसऱ्या कपाला त्यांचा म्होरक्या नरमला. म्हणाला, माणूस द्या, विचारपूस करून उद्या परत पाठवतो, केसालाही धक्का लागणार नाही. सुटलो एकदाचे, असं वाटून मी किल्ली पुढे केली.

नानांनी झटकन ती माझ्या हातातून काढून घेतली. एरवी छापील मराठी बोलणारा माणूस एकदम घरच्या बोलीवर आला.

"हाऊ माणूस मी देवाव नही."

बंदूकवाला उठला. मी डोळे मिटून घेतले. नाना म्हणाले, माणसाऐवजी माझी बैलजोडी न्या. बरीच घासाघीस झाली. शेवटी ते लोक नानांची जोडी हाकत डोंगर चढून गेले.

घाम पुसल्यावर मी नानांवर चिडलो. रामल्यानं चोरी केली की नाही हेसुद्धा ठाऊक नाही, आणि तुम्ही पेरणीच्या तोंडावर बैल देऊन बसलात!

नाना टेबलावरच्या कपबशा गोळा करायला लागले.

"तिकडे चीनच्या हद्दीवरही असंच वचन मिळालं होतं, मास्तर. पलीकडच्यांनी मागितलेला माणूस जायला तयार नव्हता. मीच त्याच्या भाषेत समजावलं, काही करत नाहीत, जा. हद्दीपर्यंत माझा हात धरून आला. पलीकडे गेल्यावर माझ्या डोळ्यांदेखत मारला त्याला."